‘इन्व्हेटरिट’ : सवयीचे वय सांगणारे विशेषण

प्रश्न असा आहे की, चार्ल्स डार्विनविषयीच्या एका इंग्रजी लेखात त्याला ‘अॅन इन्व्हेटरिट लेटर-रायटर’ (an inveterate letter-writer) असे म्हटले आहे. शब्दकोशात या विशेषणापुढे ‘अट्टल, मुरलेला, जुनाट, दीर्घकालीन’ असे अर्थ मिळाले. पण ‘अट्टल पत्रलेखक’ असे लिहिले की डार्विनने पत्रे लिहून काही गुन्हा केला असावा असे वाटू लागते, आणि ‘जुनाट पत्रलेखक’ तर मुळीच चालत नाही. तेव्हा या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो चांगल्या सवयीलाही लावता येतो का, आणि स्वतः इंग्रजी लिहिताना तो कुठे वापरावा?

माझे काम इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याचे असल्याने या विशेषणाशी माझी गाठ वरचेवर पडते. थोडक्यात उत्तर द्यायचे तर, हे विशेषण सवयीचे वय सांगते. सवय चांगली की वाईट, तिचा त्रास किती, ती सुटण्यासारखी आहे की नाही, यांपैकी काहीही ते स्वतःहून सांगत नाही. ती सवय, ती भावना किंवा तो आजार खूप वर्षांचा आहे आणि त्या वर्षांमुळेच खोल रुतून बसला आहे, एवढेच सांगते. शब्दकोशातले चारही अर्थ बरोबर आहेत, मात्र ते चार निरनिराळ्या प्रकारच्या नामांसोबतचे आहेत आणि कोशाने ते एका ओळीत ठेवल्यामुळे घोटाळा झाला आहे.

लॅटिनमध्ये ‘वेतुस’ म्हणजे जुना. त्यापासून ‘इन्वेतेरारे’ हे क्रियापद झाले. त्याचा अर्थ जुने करणे, जुने होऊ देणे. त्याच्या धातुसाधितापासून आपले हे इंग्रजी विशेषण आले. ‘व्हेटरन’ हा शब्दही याच ‘वेतुस’चा नातलग आहे. मराठी वाचकाला अधिक जवळचे नाते पुढे आहे. ‘वेतुस’च्या मुळाशी ‘वर्ष’ या अर्थाचा एक प्राचीन धातू असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि संस्कृतातील ‘वत्सर’ व ‘संवत्सर’ हे शब्दही त्याच कुळातले आहेत. ‘वत्स’ म्हणजे मुळात वर्षाचे वासरू; आपले ‘वासरू’ त्यातूनच आलेले. म्हणजे गुढीपाडव्याला पंचांगातले संवत्सरफल वाचले जाते त्यातला ‘वत्सर’ आणि डार्विनच्या वर्णनातले हे अवघड विशेषण ही दूरची भावंडे आहेत. ही माहिती निव्वळ गमतीची नाही. समोरच्या वाक्यात ‘वर्षे’ दडलेली आहेत की नाहीत, हीच या विशेषणाची पहिली परीक्षा आहे. कालपरवा लागलेल्या सवयीला ते लावता येत नाही, मग ती सवय कितीही तीव्र असो.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस आला आणि त्याचा सुरुवातीचा वापर बराचसा वैद्यकीय होता: बरे न होता वर्षानुवर्षे अंगात राहिलेला रोग, न भरणारी जखम. आपण ‘जुनाट खोकला’ किंवा ‘जुनाट नायटा’ म्हणतो तेव्हा नेमका हाच अर्थ साधतो. ‘जुनाट’ हा शब्द केवळ जुने असणे सांगत नाही. जुने असल्यामुळे चिवट झालेले, सहजी न हटणारे, हे त्यात येते. त्यामुळे रोगाच्या संदर्भात ‘जुनाट’ हे या विशेषणाचे सर्वांत नेमके मराठी रूप आहे, मात्र ते तेवढ्यापुरतेच. आजच्या इंग्रजीत रोगांसाठी ‘क्रॉनिक’ या शब्दाने ती जागा घेतली आहे, आणि जुना अर्थ उरला आहे तो काही शास्त्रीय संज्ञांत. त्वचारोगांच्या जुन्या लेखनात ‘सोरायसिस इन्व्हेटराटा’ भेटतो, आणि दीर्घकाळ जागेवर न बसवलेल्या निखळलेल्या सांध्याबद्दल अस्थिरोगतज्ज्ञ अजूनही हे विशेषण वापरताना दिसतात. सर्वसाधारण लेखनात मात्र मधुमेहाच्या जुन्या रुग्णाला ‘इन्व्हेटरिट डायबेटिक’ म्हणू नये. असे लिहिले तर मधुमेही असणे ही त्या माणसाची आवड असल्यासारखे वाचकाला वाटेल.

रोगानंतर या विशेषणाचे दुसरे क्षेत्र वैराचे, आणि मला ते सर्वांत समृद्ध वाटते. येथे लॅटिनमध्येच पाया घातलेला आहे. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वक्ता सिसेरो याने मनोविकारांची वर्गवारी करताना द्वेषाची व्याख्या अवघ्या तीन शब्दांत केली: ‘ओदिउम इरा इन्वेतेराता’, म्हणजे द्वेष हा जुना झालेला राग होय. राग येतो आणि ओसरतो. तो ओसरला नाही, मनात धरून ठेवला, त्यावर वर्षे गेली, की तोच द्वेष होतो. ‘डूख धरणे’ या मराठी वाक्प्रचारात हीच प्रक्रिया आहे. इंग्रजीतही हे विशेषण मत्सर, शत्रुत्व, पूर्वग्रह अशा नामांसोबत शतकानुशतके येत राहिले. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’च्या पहिल्या अंकात प्रॉस्परो नेपल्सच्या राजाचे वर्णन ‘अॅन एनिमी टू मी इन्व्हेटरिट’ असे करतो, आणि ‘रिचर्ड द सेकंड’च्या आरंभी ‘इन्व्हेटरिट मॅलिस’ येतो. या ठिकाणी मराठीकडे शब्दांची मुळीच वाण नाही: हाडवैर, दीर्घद्वेष, पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर, मनात घर करून बसलेला आकस. दोन घराण्यांचे किंवा दोन गावांचे वैर असेल तर ‘हाडवैर’ मला सर्वांत सरस वाटते, कारण त्यातले ‘हाड’ वैराची खोली दाखवते आणि खोली दाखवली की जुनेपण आपोआप येते. पूर्वग्रहासाठी मात्र ‘रुजलेला’ किंवा ‘मुरलेला’ हेच बरे. ‘हाडपूर्वग्रह’ असे काही घडवायला जाऊ नये.

तिसरे क्षेत्र माणसांचे, आणि आज हा शब्द बहुतेक तेथेच भेटतो: जुगारी, थापाड्या, धूम्रपान करणारा, चहाड्या करणारा, प्रवासी, संग्राहक, कोट्या करणारा, आशावादी. डार्विनचे उदाहरण येथे फार उपयोगी आहे, कारण एकाच माणसात या विशेषणाच्या दोन छटा सापडतात. डार्विनने लिहिलेली आणि त्याला आलेली मिळून सुमारे १५,००० पत्रे आज ज्ञात आहेत. केंट परगण्यातल्या डाउन गावातून तो क्वचितच बाहेर पडे, पण पत्रांतून जगभरच्या निसर्गअभ्यासकांना, कबुतरे पाळणाऱ्यांना आणि माळीकाम करणाऱ्यांना तो सतत प्रश्न विचारत असे. ही एक सवय. दुसरी तपकिरीची. एडिंबरा येथे विद्यार्थी असताना ती त्याला लागली आणि आयुष्यभर राहिली. एकदा महिनाभर ती सोडल्यावर आपण सुस्त आणि खिन्न झालो आहोत, असे त्याने पत्रात लिहिले. पुढे तपकिरीची बरणी अभ्यासिकेत न ठेवता बाहेरच्या प्रवेशदालनात ठेवण्याची युक्ती त्याने केली, म्हणजे प्रत्येक चिमटीसाठी उठून जावे लागेल आणि तेवढाच आळा बसेल. इंग्रजीत त्याला ‘इन्व्हेटरिट लेटर-रायटर’ आणि ‘इन्व्हेटरिट स्नफ-टेकर’ या दोन्ही गोष्टी एकाच सुरात म्हणता येतात. मराठीत एकच विशेषण दोन्हीकडे लावले की एक जागा हमखास बिघडते.

याचे कारण मराठीच्या घडणीत आहे. अशा ठिकाणी इंग्रजी माणसाला विशेषण चिकटवते, तर मराठी बहुधा सवयीलाच वाक्याचा कर्ता करते आणि अर्थाचे ओझे क्रियापदावर टाकते. सवय जडते, अंगवळणी पडते, अंगात भिनते, हाडीमाशी खिळते; माणूस एखाद्या गोष्टीला सोकावतो, चटावतो. ही क्रियापदे इतकी नेमकी आहेत की विशेषणाच्या मागे धावण्याचे पुष्कळदा कारणच उरत नाही. म्हणून मी त्या वाक्याचे मराठी ‘पत्रे लिहिण्याचा त्याला जन्मभर नाद होता’ असे करीन आणि तपकिरीबद्दल ‘विद्यार्थिदशेत जडलेली तपकिरीची सवय त्याला शेवटपर्यंत सुटली नाही’ असे लिहीन. दुसऱ्या वाक्यात मूळ विशेषणाचा मागमूस दिसत नाही, पण त्यातली वर्षे शाबूत आहेत.

तरीही विशेषणच हवे असेल, आणि मथळ्यात किंवा एखाद्या तुकड्यात ते हवे असतेच, तर हाताशी असलेल्या मराठी शब्दांतील अंतर ओळखले पाहिजे. ‘अट्टल’ हा शब्द दोषापुरता आहे: अट्टल चोर, अट्टल दारुडा, अट्टल जुगारी. थट्टेने आपण ‘अट्टल चहाबाज’ म्हणतो, पण त्या थट्टेची चव ‘अट्टल’मधल्या आरोपामुळेच येते. ‘सराईत’ हा शब्द अनेक जण या विशेषणाचा पर्याय म्हणून वापरतात आणि तो मला सदोष वाटतो. ‘सराईत’मध्ये सराव आहे, सरावातून आलेली सफाई आहे. सराईत खिसेकापू तो, ज्याचा हात चालतो ते कळतही नाही. इंग्रजी विशेषणात कौशल्याचा लवलेश नाही. एखादा इन्व्हेटरिट थापाड्या अगदी वाईट थापा मारणारा आणि प्रत्येक वेळी पकडला जाणारा असू शकतो, ‘सराईत थापाड्या’ तसा असू शकत नाही. ‘निर्ढावलेला’मध्ये लाज सुटलेली आहे, त्याला इंग्रजीत ‘हार्डन्ड’ हे जवळचे. ‘मुरलेला’ अर्थाने सर्वांत जवळ आहे, कारण लोणचे मुरते तसे त्यात काळाचेच काम आहे. पण मुरलेला राजकारणी म्हटले की धूर्तपणाचा वास येतो, आणि तो मूळ शब्दात नाही. ‘छांदिष्ट’ संग्राहकांना शोभतो. मात्र त्यात लहरीपणा थोडा अधिक आणि जुनेपण थोडे कमी आहे.

‘हाडाचा’ आणि ‘जातिवंत’ या शब्दांबद्दल अधिक सावध राहावे असे माझे मत आहे. ‘हाडाचा शिक्षक’ हा गौरव आहे, परंतु तो गुण जन्मजात असल्याचे सुचवतो. आपले इंग्रजी विशेषण याच्या नेमके उलट आहे: माणूस तसा जन्मलेला नसतो, वर्षे त्याला तसे करतात. हा भेद किती गंभीर होऊ शकतो, याचे उदाहरण आपल्याच कायद्याच्या इतिहासात आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात एखादी जमात, टोळी किंवा वर्ग अजामीनपात्र गुन्हे पद्धतशीरपणे करण्याच्या ‘आहारी गेलेला’ असल्यास त्याला गुन्हेगार जमात म्हणून जाहीर करण्याची तरतूद होती. सवयीचा शब्द व्यक्तीवरून उचलून जन्मावर ठेवला गेला, आणि तान्ह्या मुलालाही ती सवय असल्याचे मानले गेले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. महाराष्ट्रात त्यातून मुक्त झालेल्या समाजांना आज विमुक्त जाती म्हणतात. तेव्हा काळाने लागलेल्या सवयीचे भाषांतर करताना ‘जात्याच’, ‘रक्तातच’ असे शब्द हात सैल सोडून वापरू नयेत.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगितले पाहिजे की हे विशेषण कायद्याची संज्ञा नाही. कायद्यात शब्द येतो तो ‘हॅबिच्युअल’. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ११० मध्ये वारंवार गुन्हे करणाऱ्यांकडून चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्याची तरतूद होती, आणि तेथे ‘सवयीने’ लुटारू, घरफोड्या किंवा चोर असणे एवढेच पाहिले जाई. ‘हॅबिच्युअल’ हा कोरडा, मोजता येणारा शब्द आहे. किती वेळा घडले, हे त्यातून कळते. किती खोल गेले, हे कळत नाही. डार्विन आणि त्याची पत्नी एमा रात्री बॅकगॅमनचे डाव खेळत, आणि १८७६ मध्ये आपल्या अमेरिकन मित्राला, आसा ग्रे याला, त्याने हिशेब कळवला की एमाने २,४९० डाव जिंकले आणि आपण २,७९५. हा खेळ ‘हॅबिच्युअल’ होता. हिशेब ठेवण्याची हौस मात्र बहुधा इन्व्हेटरिट म्हणावी लागेल.

इतर शेजारी शब्दांपैकी ‘इन्कॉरिजिबल’ म्हणजे सुधारण्यापलीकडचा. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण पुष्कळदा आपल्या विशेषणाशी जोडली जाते, पण ती खरी याची. इन्व्हेटरिट धूम्रपान करणारा उद्या सिगारेट सोडू शकतो आणि तरी त्याला तसे म्हणणे चुकीचे ठरत नाही; ‘इन्कॉरिजिबल’ म्हटले की ती वाट बंद. ‘कम्पल्सिव्ह’ मानसशास्त्राकडे झुकतो: आतून रेटा येतो आणि माणसाला तो आवरत नाही. त्याला वर्षांची अट नाही. सहा महिन्यांतही एखादा कम्पल्सिव्ह खरेदी करणारा होऊ शकतो. ‘क्रॉनिक’ माणसाला लावला की तक्रारीचा सूर येतो, तर ‘कन्फर्म्ड’मध्ये स्वतःच्या निर्णयाची छटा आहे.

‘इनग्रेन्ड’ बद्दल थोडे थांबले पाहिजे, कारण सवयीच्या खोलीसाठी इंग्रजीत तो सर्वाधिक बोलला जातो आणि त्याचेही मराठीशी नाते आहे. किरमिजी रंग ज्यापासून काढत ते वाळलेले किडे दाण्यांसारखे दिसत, म्हणून युरोपात त्या रंगाला ‘ग्रेन’ म्हणजे दाणा हे नाव पडले. त्या पक्क्या रंगात बुडवलेले कापड ते ‘इनग्रेन्ड’. आपला ‘किरमिजी’ हा शब्द त्याच किड्यांवरून फारसीमार्गे आला आणि ‘कृमी’शी जोडला जातो. वापरातला फरक सरळ आहे. ‘इनग्रेन्ड’ हे सवयीला, पूर्वग्रहाला, मळाला लागते, माणसाला सहसा लागत नाही. ‘इन्व्हेटरिट’ सवयीला आणि माणसाला दोघांनाही लागते. ‘इनग्रेन्ड हॅबिट’ हा रोजचा शब्दप्रयोग आहे, ‘इनग्रेन्ड गॅम्बलर’ कानाला खटकतो.

आता हे विशेषण चांगल्या सवयीला चालते का, याविषयी. चालते, पण थोड्या हसऱ्या स्वरात. ‘इन्व्हेटरिट रीडर’ किंवा ‘इन्व्हेटरिट ट्रॅव्हलर’ म्हणताना लिहिणारा त्या माणसाकडे कौतुकमिश्रित तक्रारीने पाहत असतो: याला वाचल्यावाचून राहवत नाही, घरच्यांनी कितीही सांगितले तरी. रोग आणि वैर यांच्यासोबत शब्दाने घालवलेल्या शतकांची ही सावली आहे. म्हणून नोकरीच्या अर्जात स्वतःला ‘इन्व्हेटरिट लर्नर’ म्हणवून घेणे मला पसंत नाही; विनोद अभिप्रेत नसताना तो होतो. दुसऱ्याच्या शिफारसपत्रातही ‘इन्व्हेटरिट वर्कर’ लिहिण्यापेक्षा त्याने कोणती कामे किती वर्षे नेटाने केली ते लिहावे. कार्यालयीन टिपणीत नेहमी उशिरा येणाऱ्याला ‘इन्व्हेटरिट लेटकमर’ म्हणता येईल, पण ती टीका साहित्यिक थाटाची होईल. प्रशासनाला हवा असतो तो ‘हॅबिच्युअल’ आणि सोबत तारखा. बोलण्यात तर हा शब्द जवळजवळ येतच नाही. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस घरी ‘तो नेहमीच असं करतो’ एवढेच म्हणतो. चरित्र, मृत्युलेख, अग्रलेख, प्रवासवर्णन ही या शब्दाची वस्तीची ठिकाणे आहेत.

व्याकरणाच्या बाजूने दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तो नामाच्या आधी येतो. ‘ही इज इन्व्हेटरिट’ एवढेच म्हणून वाक्य संपवता येत नाही, कशात मुरलेला ते नाम लागतेच. प्रॉस्परोच्या वाक्यात तो नामानंतर येतो ती पद्याची सवलत समजावी. त्याच्या आधी ‘व्हेरी’ लावू नये, कारण जुने आणि खोल हे त्यात आधीच आले आहे. वैर किंवा पूर्वग्रह यांची तुलना करताना ‘मोअर इन्व्हेटरिट’ चालून जातो. स्वराने सुरू होत असल्याने आधी ‘अॅन’ येते. सवयीचे नाम शक्यतो ‘करणारा’ या अर्थाचे असावे, जसे गॅम्बलर, स्मोकर, लायर. ‘इन्व्हेटरिट डॉक्टर’ किंवा ‘इन्व्हेटरिट इंजिनिअर’ म्हणता येत नाही, कारण व्यवसाय ही सवय नव्हे. क्रियाविशेषण ‘इन्व्हेटरिटली’ क्वचित भेटते. भाववाचक नाम ‘इन्व्हेटरसी’ त्याहून क्वचित, आणि ते सहसा द्वेषाबद्दलच्या जुन्या लेखनात सापडते. आज लिहिताना त्याच्या वाट्याला न गेलेले बरे.

उच्चाराबाबत मराठी भाषकांची एक ठरावीक अडचण आहे. शेवटचे अक्षर पाहून आपण ‘इन्व्हेटरेट’ असे ठासून म्हणतो. इंग्रजीत अशा शेवटाची विशेषणे शेवटच्या अक्षरावर भर देत नाहीत: ‘डेलिकेट’ आपण लिहितो, पण इंग्रज ‘डेलिकिट’ म्हणतो, आणि ‘सेपरेट’ हे क्रियापद असताना शेवट लांबतो, विशेषण असताना आखडतो. येथेही आघात दुसऱ्या अक्षरावर, ‘व्हे’वर, आणि शेवट ‘रिट’सारखा तोकडा; भरभर बोलताना तर ‘इन्व्हेट्रिट’ एवढेच ऐकू येते. आघात जागेवर ठेवला की स्पर्धा-परीक्षांच्या विद्यार्थ्यांचा आणखी एक घोटाळाही टळतो. ‘इन्व्हर्टिब्रेट’ म्हणजे पाठीचा कणा नसलेला प्राणी, आणि उत्तरपत्रिकांत अट्टल जुगाऱ्याला गोगलगायीच्या वर्गात बसवलेले मी अनेकदा पाहिले आहे.